रेपो रेट सव्वा टक्क्याने उतरला, तुमच्या होमलोनचे हप्ते किती उरले ते बघितलंत का?

डिसेंबर २०२५ मध्ये आरबीआयने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) ५.२५ टक्के केला त्या दिवशी संध्याकाळी सासूबाई बातम्या बघत होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, "मग आता आपला हप्ता आणखी उतरणार का गं?" मी पोळ्या लाटत होते, म्हटलं उतरेल की आपोआप. मग रात्री सगळं आवरल्यावर सहज लोनचं पूर्ण स्टेटमेंट डाउनलोड केलं आणि झोपच उडाली. मी नऱ्ह्याला एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्सला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या खतावण्या तपासते, आणि स्वतःच्या लोनचं स्टेटमेंट चार वर्षांत एकदाही नीट उघडलं नव्हतं. हप्ता कट झाल्याचा मेसेज आला की झालं.

तर आमची गोष्ट अशी. ऑगस्ट २०२१ ला आंबेगावात फ्लॅट घेतला, ३५ लाखांचं लोन, ७ टक्के, २० वर्षं, हप्ता २७,१३५. तेव्हा रेपो रेट ४ टक्के होता. मे २०२२ पासून तो चढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला, म्हणजे अडीच टक्के वर, आमचं लोन रेपोला जोडलेलं त्यामुळे आमचा दर ९.५०. आता हा हिशोब बघा. तेव्हा मुद्दल बाकी होती साधारण ३४ लाख, त्याचं एका महिन्याचं व्याज २६,९१७ आणि हप्ता २७,१३५. मुद्दलात जमा किती? २१८ रुपये. दोन मिसळी आणि वर एक ताक. त्या हप्त्याने लोन फिटायला ५१ वर्षं लागली असती, म्हणून बँकेने मुदत ताणून एकूण ३० वर्षं केली आणि तरी पुरेना म्हणून हप्ताही २८ हजारांच्या वर नेला. एसएमएस आला होता म्हणे. आला असेल, ओटीपी आणि ऑफरांच्या ढिगात कुठे तरी.

पुढे २०२५ मध्ये रेपो उतरला. फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का खाली ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. आमचा हप्ता जूनच्या कपातीनंतर दोन हजारांनी कमी झाला तेव्हा मी केवढी खुश झाले होते, घरात आइस्क्रीम आणलं होतं. पण स्टेटमेंटमध्ये हप्त्याच्या बाजूला अजून एक आकडा असतो, उरलेले हप्ते, तो मूळ ठरल्याप्रमाणे १८८ असायला हवा होता तो निघाला ३०८. दर चढताना मुदत वाढवली, उतरताना हप्ता कमी केला, आणि मुदत जी वर जाऊन बसली ती तिथेच. ३०८ हप्ते म्हणजे पंचवीस वर्षं आठ महिने. मुलगी आत्ता दुसरीत आहे, लोन फिटेल तेव्हा ती तेहेतीस वर्षांची असेल.

यात बँकेने बेकायदा काही केलेलं नाही, पण विचारलंही नाही, आणि मी बघितलंही नाही. तर बघायचं कसं आणि मग काय करायचं ते सांगते.

आधी स्टेटमेंट काढा. अ‍ॅपमध्ये जे तीन महिन्यांचं छोटं दिसतं ते नको, लोन सुरू झाल्यापासूनचं. ऑगस्ट २०२३ च्या आरबीआयच्या नियमाने बँकेने दर तिमाहीला आत्तापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज घेतलं, हप्ता किती, हप्ते किती उरले आणि वार्षिक दर काय हे दाखवायलाच हवं, त्यामुळे "असं काही मिळत नाही मॅडम" हे उत्तर ऐकून परत येऊ नका. सोबत सँक्शन लेटर, म्हणजे लोन मंजूर झाल्याचं पत्र, शोधा. आमचं सापडलं वॉशिंग मशीनच्या वॉरंटी कार्डाच्या फाइलमध्ये.

त्यात बघायचं की तुमचा दर कशाला जोडलाय, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, होमलोन घेतलं असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या दराला, बहुतेक रेपोला जोडलेलं असणार, तिथे निदान तीन महिन्यांतून एकदा दर रीसेट होतोच. त्याच्या आधीचं, २०१६ नंतरचं असेल तर एमसीएलआर, म्हणजे बँकेला पैसे उभे करायला येणाऱ्या खर्चावरचा दर, तो बँक स्वतः ठरवते आणि तुमच्या लोनचा रीसेट सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने येतो, त्यामुळे रेपो उतरल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत शिळी झालेली असते. त्याहूनही जुनं असेल तर बेस रेट, तोही बँकेचाच, एमसीएलआरच्या आधीचा मूळ दर. माझ्या दिराचं २०१७ चं लोन अजून एमसीएलआरवर होतं, त्याला माहितीच नव्हतं. अशांनी शाखेत जाऊन रेपोवर बदलून घ्यायचं, त्यासाठी दंड नसतो, फक्त वाजवी कागदपत्रांचा खर्च बँक घेऊ शकते. आणि हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर ती कंपनी स्वतःचा पीएलआर, म्हणजे तिनेच ठरवलेला मूळ दर, वापरते, रेपोला जोडायचं बंधन तिच्यावर नाही, तिथे मागितल्याशिवाय फारसं काही हलत नाही.

रेपोवाल्यांनी मग स्प्रेड बघायचा. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड, एवढंच गणित आहे. आमचा स्प्रेड ३ टक्के, म्हणून ५.२५ अधिक ३ म्हणजे ८.२५. आणि शाखेच्या दारातच स्टँडी उभी, त्यावर नवीन गिऱ्हाइकाला ७.५० पासून होमलोन! म्हणजे चार वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाला महाग आणि कालच्या अनोळखी माणसाला स्वस्त. राग येतो, पण रागाचा उपयोग नाही, त्या स्टँडीचा फोटो काढा, त्याचा उपयोग आहे.

जायच्या आधी आपला क्रेडिट स्कोअर काढून ठेवा. सिबिलसकट चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, उगाच कुठल्या अ‍ॅपला नंबर दिला की महिनाभर पर्सनल लोनवाल्यांचे फोन. माझा ७८० च्या पुढे होता. लोन घेतानाच्या स्कोअरपेक्षा आत्ताचा चांगला असेल तर स्प्रेड कमी करायला तो एक मुद्दा होतो.

आता अर्ज. तोंडी काही बोलू नका, म्हणजे बोला, पण हातात कागद ठेवून. मी पहिल्यांदा नुसती विचारायला गेले तर खिडकीतल्या मुलाने "सिस्टिमच ठरवते" म्हणून सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं. दुसऱ्यांदा अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेले. अर्ज साधाच, असा:

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, विषय: गृहकर्ज खात्यावरील स्प्रेड व मुदत कमी करण्याबाबत. माझे वरील क्रमांकाचे गृहकर्ज खाते ऑगस्ट २०२१ पासून नियमित असून एकही हप्ता थकलेला नाही. सध्याचा स्प्रेड ३ टक्के आहे. आपली बँक नवीन कर्जदारांना यापेक्षा कमी दराने कर्ज देत आहे. तरी माझा स्प्रेड कमी करावा. तसेच यापुढे व्याजदर कमी झाल्यास हप्ता न बदलता मुदत कमी करावी, आणि सध्याची मुदत कमी करण्यासाठी हप्ता किती वाढवावा लागेल ते लेखी कळवावे. लागणारे शुल्कही कळवावे."

एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्यायचीच. पोच नसेल तर तो अर्ज नाहीच असं समजा. आणि तोच मजकूर ईमेलनेही टाका.

पहिलं उत्तर आलं की स्प्रेड तीन वर्षं बदलता येत नाही. आमची तीन वर्षं होऊन गेली होती हा भाग वेगळा, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना तीन वर्षांच्या आधीसुद्धा गिऱ्हाईक टिकवण्यासाठी स्प्रेड कमी करायची मोकळीक आहे, हे मी तिथेच सांगितलं. मोकळीक आहे, सक्ती नाही, त्यामुळे आवाज चढवून फायदा नसतो, पण "मग मी फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचे त्याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी मागते, दुसरीकडे ट्रान्सफर करायचंय" हे शांतपणे म्हटलं की खिडकीवरून आपण आतल्या केबिनमध्ये जातो. आमचा स्प्रेड ३ वरून २.६० झाला. फी ५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५,९००. तेहेतीस लाखांवर ०.४० टक्का म्हणजे वर्षाला १३,२००, सहा महिन्यांत फी वसूल. ७.५० नाही मिळालं ते नाहीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हप्ता कमी करायचा की मुदत. समजा ३० लाख बाकी आहेत, १५ वर्षं उरलीत आणि दर ९.२५ वरून ८ झाला, बरोबर सव्वा टक्का. जुना हप्ता ३०,८७६. हप्ता कमी केलात तर तो होतो २८,६७०, महिन्याला २,२०६ वाचले, १५ वर्षांत जवळपास चार लाख. आणि हप्ता तोच ३०,८७६ ठेवला तर १८० ऐवजी १५७ महिन्यांत लोन संपतं आणि वाचतात सात लाखांच्या वर. खिशातून एक रुपया जास्तीचा न काढता. ज्यांचं महिनाअखेर खरंच ओढाताणीचं आहे त्यांनी हप्ता कमी करावा, त्यात लाज नाही, पण बाकीच्यांनी ते दोन हजार हातात घेऊ नयेत, ते कुठे जातात ते आपल्याला माहितीये.

मधे मधे पैसे भरत असाल तर तेच. वरच्याच उदाहरणात ८ टक्क्याला आणि २८,६७० च्या हप्त्याला दिवाळीच्या बोनसमधले एक लाख आत्ता भरले तर जवळजवळ अकरा हप्ते उडतात, म्हणजे तीन लाखांच्या वर. स्वतःच्या नावावरच्या फ्लोटिंग होमलोनला प्रीपेमेंटचा दंड बँक लावू शकत नाही, हा २०१२ पासूनचा नियम आहे. फक्त पैसे भरताना "टेन्युअर (मुदत) कमी करा" हे लिहून द्या, नाहीतर हप्ता कमी होऊन बसतो. आणि निदान सहा हप्त्यांएवढे पैसे एफडीत बाजूला ठेवूनच भरा, लोनमध्ये टाकलेले पैसे आजारपणात परत मागता येत नाहीत. एक काका नेहमी सांगतात की टॅक्स वाचतो, लोन चालू ठेव. काकांचा काळ गेला, नवीन टॅक्स रेजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाची सूट नाही, जुन्या रेजीममध्ये आहे ती वर्षाला दोन लाखांपर्यंतच. तुम्ही कुठल्या रेजीममध्ये आहात ते आधी बघा.

बँक अजिबात ऐकत नसेल तर ट्रान्सफर, पण नुसता दर बघून उडी मारू नका. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, आणि आपल्याकडे महाराष्ट्रात टायटल डीड डिपॉझिटची (घराचे मूळ कागद बँकेकडे गहाण ठेवण्याची) स्टँप ड्युटी आणि नोटिस ऑफ इंटिमेशन (त्या गहाणाची सरकारी नोंद) हे परत नव्याने लागतं. माझा अंदाज असा की फरक निदान अर्ध्या टक्क्याचा आणि निदान दहा वर्षं बाकी असेल तरच या भानगडीत पडावं. माझ्या जावेने केलं, दोन महिने आणि सात चकरा, तिला परवडलं. ट्रान्सफरवाला एजंट टॉप-अप (त्याच घरावर जास्तीचं लोन) आणि विमा गळ्यात मारायला बघतोच, टॉप-अप घेतला की वाचवलेलं सगळं परत लोनमध्ये, आणि विमा हवा तर साधा टर्म स्वतंत्र घ्या.

अर्जाला तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे त्यांच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाकता येते, फी नाही, वकील लागत नाही, फक्त ती शिक्क्याची पोच स्कॅन करून जोडावी लागते. माझ्यावर ती वेळ नाही आली. दिराच्या अर्जाला चोविसाव्या दिवशी फोन आला.

आमचं आत्ताचं सांगायचं तर दर ७.८५ झाला, हप्ता आम्ही परत २८,८०० वर नेला, आणि बँकेच्या नव्या पत्रात उरलेले हप्ते ३०८ वरून बरेच खाली आलेत, १८८ मात्र अजून लांब आहे. ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलंय. सासूबाई दर तिमाहीला विचारतात, "आता किती राहिले?"