हंगामापूर्वी नौकेसाठी धातूचे सामान निवडताना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका शाकारून ठेवलेली असतानाच तिचे धातूचे सामान तपासून घ्यावे, आणि बाजारात जाण्यापूर्वी प्रत्येक वस्तू पाण्याच्या वर बसणार की सतत पाण्याखाली राहणार, हे लिहून काढावे, कारण कोणता धातू घ्यायचा हे त्यावरच ठरते.

डेकवरील कठडे, शॅकल (साखळी किंवा दोर जोडण्याची कडी), बिजागऱ्या आणि नट-बोल्ट यांसाठी ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील मागावे. त्यात २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक छिद्रांना ते ३०४ पेक्षा अधिक काळ दाद देत नाही. वेल्डिंग करायचे असल्यास ३१६एल (कमी कार्बनचे ३१६) घ्यावे. लोहचुंबक लावून दर्जा ठरवण्याची सवय मात्र सोडावी, कारण ३१६, ३०४ आणि स्वस्तातले २०२ यांपैकी कोणतेच चुंबकाला नीट चिकटत नाही. त्याऐवजी बोल्टच्या माथ्यावर ए४ ही खूण आहे का ते पाहावे (ए२ म्हणजे ३०४ च्या गटातला माल), आणि नळी किंवा पत्रा घेताना चाचणी प्रमाणपत्रावरील हीट क्रमांक (धातूच्या एकेका घाण्याला कारखान्यात दिलेला क्रमांक) मालावरील क्रमांकाशी ताडून घ्यावा.

सर्वांत अधिक काळजी नौकेच्या तळातून आरपार जाणाऱ्या व्हॉल्व्हची घ्यावी, कारण तो तुटला तर पाणी थेट आत येते. नळसामानाच्या दुकानातील चकचकीत व्हॉल्व्ह बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा असतो. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते आणि आकार तसाच राहून धातू ठिसूळ होतो. जुना व्हॉल्व्ह चाकूच्या टोकाने खरवडावा, आणि पिवळ्याऐवजी तांबूस, भुसभुशीत थर दिसला तर तो त्याच दिवशी काढून टाकावा. येथे गनमेटल किंवा सिलिकॉन ब्राँझ (दोन्ही तांब्याचे मिश्रधातू) हेच योग्य. पाण्याखाली स्टेनलेसवरही विसंबू नये: त्यावरील संरक्षक थराला प्राणवायू लागतो, त्यामुळे ओल्या लाकडात अडकलेला बोल्ट वरून चमकत असूनही आतून खाल्लेला असू शकतो.

होज क्लिप घेताना पट्टीइतकेच स्क्रूकडेही लक्ष द्यावे: पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असा माल सर्रास मिळतो, आणि तेवढ्यापुरते चुंबक उपयोगी पडते. ॲल्युमिनियमवर ब्राँझ किंवा तांब्याचे सामान थेट बसवू नये; स्टेनलेसचा स्क्रू वापरावाच लागला तर मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. शाफ्टवरील झिंक (इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) निम्मे झिजले की बदलावे, बसवण्याची जागा घासून स्वच्छ करावी आणि झिंकला रंग कधीही लावू नये. नांगराची साखळी गरम जस्तात बुडवून काढलेलीच घ्यावी.

पावतीवर नुसते ‘एस. एस.’ न लिहिता दर्जाचा आकडा लिहून घ्यावा, म्हणजे हंगामात डाग पडल्यास माल परत करता येतो.