ऑटोमॅटिकचं इंजिन मॅन्युअल गाडीत बसवताय?
म्हापशा-फोंड्याकडे सेकंडहँड इंजिन बघायला गेलात की 'सेम मॉडेल आहे, बसतं' एवढ्यावर पैसे देऊ नका, आधी इंजिनाच्या मागे, गिअरबॉक्स जोडतात त्या बाजूला वाकून बघा. ऑटोमॅटिकच्या इंजिनाला पातळ पत्र्याची चकती म्हणजे फ्लेक्सप्लेट असते, मॅन्युअलला जाडजूड, जड चकती म्हणजे फ्लायव्हील आणि त्यावर क्लच, म्हणजे फ्लायव्हील तुमच्या जुन्या इंजिनाचंच काढून लावायचं, बोल्टसुद्धा त्याचेच कारण फ्लेक्सप्लेटचे बहुतेक आखूड असतात. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकाला पायलट बेअरिंगची, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक धरणाऱ्या बेअरिंगची, जागा आहे का तेही बघा (सगळ्या गाड्यांना लागत नाही). ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि वायरिंग शक्यतो आपल्याच गाडीचं ठेवा. आणि हो, इंजिन नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच.