भुसावळच्या जुन्या फोटोतलं वाफेचं इंजिन ओळखताना या चुका टाळा

भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर इथल्या रेल्वेवाल्यांच्या घरी असा एखादा फोटो हमखास सापडतो: आजोबा किंवा काका हातात फडकं घेऊन उभे आणि मागे काळंभोर इंजिन. हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आला की खाली लगेच कुणीतरी 'डब्ल्यूपी' लिहितं, म्हणजे मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या वर्गाचं नाव. मग तेच नाव फोटोबरोबर फिरत राहतं. ज्या माणसाने आयुष्यभर मालगाड्या ओढल्या, त्याच्या नावावर मेल-एक्स्प्रेसचं इंजिन चढतं. फोटो घरातला असेल तर निदान आपण तरी हे होऊ देऊ नये.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाकावरून निकाल देणं. डब्ल्यूपीचं बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं नाक सगळ्यांना माहीत असतं, पण जुने फोटो बहुधा कॅबजवळून (ड्रायव्हर उभा राहतो त्या खोपीजवळून) काढलेले असतात आणि त्यात नाक येतच नाही. मग नजर बॉयलरवर जाते, आणि फसगत तिथेच होते. डब्ल्यूपी आणि मालगाडीचं डब्ल्यूजी या दोन्ही वर्गांचा बॉयलर एकाच नमुन्याचा आहे. मागच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही इंजिनं सख्ख्या भावांसारखी दिसतात. शिवाय संख्या लक्षात घ्या. डब्ल्यूपी ७५५ बांधली गेली, तर डब्ल्यूजी २,४५०. भुसावळसारख्या मालगाड्यांच्या जंक्शनवर काढलेल्या फोटोत डब्ल्यूजी असण्याची शक्यता आधी तपासायला हवी.

त्यासाठी चाकं मोजायची. डब्ल्यूपीला एका बाजूला पुढे दोन लहान चाकं, मग तीन मोठी आणि कॅबखाली एक लहान. दोन्ही बाजूंची मिळून मोजणी ४-६-२ अशी लिहितात. डब्ल्यूजीला पुढे एकच लहान चाक, मग चार मोठी आणि मागे एक, म्हणजे २-८-२. मोजताना दोन ठिकाणी घोळ होतो. कॅबखालचं मागचं चाक सावलीत बुडालेलं असतं, त्यामुळे २-८-२ इंजिन २-८-० वाटतं. दुसरं म्हणजे टेंडरची (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याची) चाकंही याच हिशोबात धरली जातात. फोटो मोबाइलवर मोठा करून आधी चाकांना जोडणारा कपलिंग रॉड शोधा. रॉडने एकमेकांना जोडलेली चाकं तेवढी मोठी चाकं, बाकीची लहान. हे ठरल्यावर चूक होणं कठीण.

चाकाशेजारी माणूस उभा असेल तर आणखी एक आधार मिळतो. डब्ल्यूपीचं मोठं चाक ६७ इंचांचं, म्हणजे जवळजवळ १.७० मीटर उंच. डब्ल्यूजीचं साडेएकसष्ट इंचांचं, सुमारे १.५६ मीटर. पण कॅमेरा तिरका असला की हा अंदाज बिघडतो, म्हणून आधी मोजणी आणि मग उंची.

मागे कुठली गाडी जोडली आहे यावरूनही ठरवू नका. डब्ल्यूजी मालगाडीसाठी बांधलेलं असलं तरी पॅसेंजरलाही ते सर्रास लागायचं.

मोजणी ४-६-२ निघाली आणि नाक मात्र सपाट दिसलं, तर लोक 'नाक काढलेलं डब्ल्यूपी' म्हणून मोकळे होतात. त्याआधी डब्ल्यूएलचा विचार करा. हे हलक्या रुळांसाठी बांधलेलं ४-६-२ इंजिन. त्याची चाकंही ६७ इंचांचीच, पण गोळीनाक नाही. मात्र हा वर्ग लहान होता आणि उत्तरेत जास्त वावरला. फोटो त्याहून जुना असेल तर एक्सए, एक्सबी, एक्ससी ही ४-६-२ इंजिनंही आहेत.

अक्षरांची गफलत मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती थोड्या माहितीतूनच होते. आजच्या नावांत पहिलं अक्षर गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं: डब्ल्यू म्हणजे ब्रॉड, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे नॅरो. त्यानंतर डी आला तर डिझेल, ए आला तर एसी वीज, सी आला तर डीसी वीज. मध्ये असं अक्षरच नसेल तर ते वाफेचं. म्हणून डब्ल्यूपी आणि डब्ल्यूएपी यांत फक्त एका अक्षराचा फरक असला तरी एक कोळशावर चालायचं आणि दुसरं विजेवर चालतं. इथवर ठीक आहे. पण हाच नियम जुन्या नावांना लावला की सगळं चुकतं. एक्सडीमधला डी डिझेलचा नाही. १९२०च्या दशकात एक्सए, एक्सबी, एक्ससी, एक्सडी, एक्सई अशी नवी मानक इंजिनं ठरली. त्यातलं एक्सडी हे मालगाडीचं २-८-२ वाफेचं इंजिन, आणि एक्सई त्याहून कितीतरी जड, तेही २-८-२. एडब्ल्यूडी आणि सीडब्ल्यूडी यांचीही अशीच गत होते. एडब्ल्यूडीतला ए एसीचा नव्हे आणि सीडब्ल्यूडीतला सी डीसीचाही नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत आणि कॅनडात बांधून आणलेली ही ब्रॉड गेजची वाफेची इंजिनं. दोन्ही २-८-२, दोन्ही एकाच घडणीची. फोटोवरून त्यांच्यात फरक करायचा प्रयत्न करू नका. कॅबच्या बाजूला वर्ग लिहिलेला असेल किंवा कारखान्याची पाटी वाचता येत असेल तरच नाव द्या. नाहीतर 'एडब्ल्यूडी किंवा सीडब्ल्यूडी' लिहिणं जास्त प्रामाणिक. याच काळातलं एडब्ल्यूसी मात्र खरोखरच २-८-० आहे, म्हणून ते सावलीतलं मागचं चाक नीट तपासायला हवं.

नंबर वाचता आला तरी त्यावरून वय काढू नका. हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमधलं 'आझाद' हे डब्ल्यूपी ७२०० आहे आणि ते १९४७ साली अमेरिकेत बाल्डविन कंपनीने बांधलं. तिथलंच 'अकबर' ७१६१ नंबरचं आहे, पण ते १९६५चं, पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं. लहान नंबरचं इंजिन अठरा वर्षांनी धाकटं निघतं. टेंडरवरच्या अक्षरांवर तर अजिबात विसंबू नका. दुरुस्तीत टेंडर बदलले जायचे.

आता गेज. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या मुख्य मार्गांवर, तापी खोऱ्यातल्या सुरत-जळगाव मार्गावर आणि चाळीसगाव-धुळे फाट्यावरही ब्रॉड गेज. पाचोरा-जामनेर तेवढी नॅरो गेज होती, ७६२ मिलिमीटरची. म्हणून वायपी किंवा वायजी लिहिलेला फोटो नंदुरबारचा म्हणून आला, तर ठिकाण किंवा वर्ग, दोन्हींपैकी एक चुकलेलं आहे. वायपी-वायजी मीटर गेजची. असा फोटो बहुधा अकोला-खंडवा मार्गावर नोकरी केलेल्या नातेवाइकाचा असतो. लहान गाडी दिसली की झेड लिहिणं हीदेखील घाई. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटरवर चालते, तो गेज निराळा, आणि झेडबी, झेडई, झेडपी ही ७६२ मिलिमीटरची इंजिनं तिथे चालूच शकत नाहीत.

इंजिन कुठल्या काळातलं हे ठरवताना विजेच्या तारांकडे बघा. इगतपुरीपर्यंत वीज १९३० सालीच आली होती, पण तिथून भुसावळपर्यंतचा मार्ग १९६०च्या दशकाच्या अखेरीस विजेवर गेला. तारा नसलेला चाळीसगाव स्टेशनचा फोटो त्याआधीचा. तारा असूनही वाफेचं इंजिन दिसलं तर तो फोटो बनावट ठरत नाही. शंटिंगला आणि फाट्यांवर ही इंजिनं नंतरही होती. आणि फोटो १९२०च्या दशकाच्याही आधीचा असेल तर वरची अक्षरं बाजूला ठेवा. तेव्हा इथली रेल्वे चालवणाऱ्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) कंपनीची स्वतःची वर्गवारी होती. अशा फोटोखाली चाकांची मोजणी आणि ठिकाण एवढंच लिहावं, आणि मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने काही लिहिलं आहे का ते आधी उलटून पाहावं.