उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांनो, लहान अनुदानाचा अर्ज करताना या चुका टाळा

नाशिक परिसरातील उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांचे अर्ज मी बरीच वर्षे तपासून देत आलो आहे. दहा-वीस हजारांचे अनुदान लहान वाटते खरे, परंतु निफाड-दिंडोरीच्या एखाद्या बागेत हंगामभर स्वतःचा प्रयोग करून पाहणे त्यातूनच शक्य होते, आणि विषय चांगला असूनही अर्ज नाकारला गेला की फार वाईट वाटते.

बहुतेक अर्ज फसतात ते वेळापत्रकात. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. पुढच्या हंगामाचे घड काडीच्या डोळ्यांत तयार होण्याची क्रिया खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडते. असे असताना सूक्ष्म घडनिर्मितीवर काम करू पाहणारा विद्यार्थी कालावधीच्या रकान्यात ‘जुलै ते डिसेंबर’ असे लिहितो, तेव्हा त्याने बागेचे वेळापत्रक पाहिलेलेच नाही हे परीक्षकाला पहिल्याच पानावर कळते. देठ परीक्षणाचेही, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीचेही, तसेच आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचा देठ घ्यावा लागतो; तो दिवस हुकला की नमुना मिळण्यासाठी वर्षभर थांबावे लागते.

म्हणून आधी नमुना घेण्याची तारीख ठरवावी, तिच्यातून मंजुरी आणि पैसे खात्यावर येण्यास लागणारे दोन-तीन महिने वजा करावेत आणि मगच विषय पक्का करावा. पैसे मे महिन्यातच येणार असतील तर द्राक्षाचा हट्ट सोडावा. त्याच सुमारास उन्हाळ कांदा चाळीत भरलेला असतो. दर पंधरा दिवसांनी ठरावीक जाळीदार पिशव्यांचे वजन करणे, सडलेले आणि कोंब आलेले कांदे वेगळे मोजणे, चाळीतील तापमान आणि आर्द्रता टिपणे, एवढ्यावर एक उत्तम अभ्यास उभा राहतो आणि त्याला महागडे उपकरणही लागत नाही.

विषयाचा आवाका ही दुसरी अडचण. ‘द्राक्षावरील रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन’ हा विषय पंधरा हजारांत आणि एका विद्यार्थ्याच्या हातून पुरा होणारा नाही. एकच प्रश्न घ्यावा आणि काय मोजणार, कशाने मोजणार, किती वेलींवर मोजणार हे एका वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य जमत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही असे समजावे.

अंदाजपत्रकात ‘प्रवास ५,००० रुपये, साहित्य ५,००० रुपये’ असे गोल आकडे लिहू नयेत. किती फेऱ्या, प्रत्येक फेरीचे भाडे, किती नमुने आणि प्रयोगशाळेचा दर नमुन्यामागे किती, ही फोड दिली की परीक्षकाचा विश्वास बसतो. ब्रिक्स (रसातील साखरेचे प्रमाण) मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर महाविद्यालयात असेल तर ते विकत घेण्याची मागणी न करता विभागाकडून वापरण्याची परवानगी घेऊन तसे नमूद करावे.

आता शेतकऱ्याविषयी, कारण येथील चूक केवळ अर्जापुरती राहत नाही. तुलनेसाठी काही ओळी बिनफवारणीच्या ठेवायच्या असतील, तर डाऊनी (केवडा) रोग आल्यावर होणारे नुकसान कोणी सोसायचे हे आधीच बोलून घ्यावे. बाग निर्यातीची असेल आणि तिची नोंदणी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर, झालेली असेल, तर तेथे प्रायोगिक फवारणी करू नये. कीडनाशकांच्या उर्वरित अंशांच्या तपासणीत नमुना नापास झाला तर एका विद्यार्थ्याच्या प्रयोगापायी त्या कुटुंबाचा वर्षाचा माल निर्यातीतून बाहेर पडू शकतो. शेतकऱ्याचे संमतिपत्र गट क्रमांक, प्रयोगाच्या ओळी आणि कालावधी यांसह लेखी घ्यावे.

कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगतो. आधार, बँक खाते आणि गुणपत्रिका यांवरील नाव अक्षरशः एकच असावे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजनेचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, त्यामुळे ती जोडणी चालू आहे ना हे बँकेत जाऊन आधीच पाहावे. मात्र ती मदत शिक्षण शुल्कासाठी असते. प्रयोगाचा खर्च तिच्यात दाखवता येत नाही, आणि अर्जात या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

अनुदान मिळाल्यानंतरची चूक बिलांची. पेट्रोल पंपावरील पावतीची शाई दोन-तीन महिन्यांत उडते आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामासाठीच खर्च झाल्याचा दाखला) देण्याच्या वेळी हातात कोरा कागद उरतो. तेव्हा पावती मिळाली त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून मागे तारीख, गाव आणि कामाचे कारण लिहावे. गारपीट किंवा अवकाळी पावसाने प्रयोग वाया गेला तर तो लपवू नये. त्याच आठवड्यात बागेचे छायाचित्र आणि मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र अनुदान देणाऱ्यांकडे पाठवावे, तोवरच्या नोंदी जोडाव्यात आणि उरलेली रक्कम पुढच्या छाटणीपर्यंत वापरण्यासाठी लेखी मुदतवाढ मागावी.