मॉर्टायझिंग मशीनवर चौकटीची खाच अचूक कशी पाडावी

नाशिकच्या पंचवटीतील जुन्या वाड्यांच्या सागवानी चौकटींच्या खाचा सुतारांनी पटाशी-हातोडीने पाडल्या. तेच काम आज सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये मॉर्टायझिंग मशीन करते. पोकळ चौकोनी पटाशीच्या आत फिरणारे ड्रिल बिट मधले लाकूड काढते आणि पटाशी दाबाने कोपरे कापत जाते. खाच बिघडते ती बहुधा मशीन सुरू होण्याआधीच, पटाशी चुकीची बसवल्यामुळे.

प्रथम प्लग काढावा. पटाशी होल्डरमध्ये घालताना तिचा खांदा आणि होल्डर यांच्यामध्ये एक रुपयाचे नाणे धरून पटाशी हलकी आवळावी, बिट वर ढकलून पटाशीच्या टोकाला टेकवावे आणि बिट पकडणारा चक घट्ट करावा. मग नाणे काढून पटाशी पूर्ण वर सरकवून आवळावी. आता बिट आणि पटाशीच्या टोकामध्ये नाण्याच्या जाडीएवढी, साधारण दीड मिलिमीटर फट राहते. ती नसेल तर बिट पटाशीवर घासते, धूर येतो आणि पटाशीचे टोक निळे पडते. यानंतर गुण्या फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवायच्या मशीनवरच्या उभ्या पट्टीला, टेकवून पटाशीची बाजू काटकोनात आहे का, हे पाहावे. मी एकदा घाईत हे टाळले, तेव्हा खाचेची भिंत करवतीच्या दातांसारखी निघाली आणि चांगले सागवान वाया गेले.

खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावी. 36 मिलिमीटर जाडीला 12 मिलिमीटरची पटाशी योग्य. खोलीचा स्टॉपर कुसवाच्या, म्हणजे खाचेत बसणाऱ्या लाकडी टोकाच्या, लांबीपेक्षा 2 मिलिमीटर जास्त लावावा, म्हणजे जादा फेविकॉलला जागा राहते. लाकडाची रंधलेली बाजू फेन्सला टेकवून वरून क्लॅम्प लावावा, नाहीतर पटाशी वर येताना लाकूडही उचलते.

गॉगल घालावा, मात्र हातमोजे, सैल बाह्या आणि गळ्यातला गमछा मशीनजवळ नकोतच. आधी दोन्ही टोकांची भोके पाडावीत. मधली पाडताना दोन भोकांत पटाशीच्या रुंदीपेक्षा थोडे कमी लाकूड सोडावे आणि ते शेवटी काढावे. भोकाला लागून लगेच दुसरे भोक घेतले, तर पटाशी मोकळ्या बाजूला कलते. हँडल टप्प्याटप्प्याने दाबावे, मधे वर घेऊन भुसा पडू द्यावा. तो अडकला तर मशीन बंद करून बिट पूर्ण थांबल्यावर ब्रशने काढावा, बोटाने कधीही नाही.

आरपार खाच असेल तर अर्ध्या खोलीवर थांबून, तीच बाजू फेन्सला ठेवून लाकूड उलटावे. म्हणजे खालची कड फुटत नाही.