मदतसंस्थेचेच कार्यालय पाण्यात गेले तर : कामकाज-सातत्याचा आराखडा कसा करावा

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि तळमजले बुडाले, तेव्हा शहरातल्या आमच्यासारख्या मदतसंस्था त्याच पाण्यात होत्या. आदल्या वर्षी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले त्या वेळी आम्ही चिपळुणातून मंडणगड-दापोलीकडे ताडपत्र्या नेल्या होत्या, आणि त्या अनुभवावरून ‘आपत्तीतही आपले काम कसे चालू राहील’ याचा साठ पानी आराखडाही लिहून काढला होता. पाणी ओसरल्यावर तो कपाटाच्या खालच्या कप्प्यात सापडला. पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हा आराखडा मी नव्याने करत आले आहे आणि किनाऱ्यावरच्या इतर लहान संस्थांनाही करून देत आले आहे. फोनच्या याद्या, विम्याचे कागद, प्रथमोपचार पेटी एवढी तयारी तुमच्याकडे आहे असे मी धरून चालते. सगळे काम मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपले पाहिजे. त्यातला एक भाग मात्र जानेवारीतच सुरू करावा लागतो, आणि तो कोणता ते पुढे येईलच.

धोक्यांचा तक्ता करत बसू नका

सल्लागार आले की सर्वांत आधी लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचा एक तक्ता पुढे ठेवतात आणि आग, भूकंप, दंगल, साथ यांची शक्यता एक ते पाच आकड्यांत मोजायला सांगतात. यात दोन दिवस जातात आणि हाती काही लागत नाही. कोकणात काय येते हे आपल्याला ठाऊक आहे : वादळ येते, पूर येतो, दरड कोसळते. कारण कोणतेही असो, परिणाम पाचच असतात. कार्यालय वापरता येत नाही, माणसे पोहोचत नाहीत, वीज आणि नेटवर्क जाते, रस्ता तुटतो आणि पैसे निघत नाहीत. आराखडा या पाच परिणामांसाठी करावा. कामकाज-सातत्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २२३०१, त्याचाही खरा भर कोणते काम किती काळ थांबले तर चालेल हे ठरवण्यावरच आहे.

काय थांबवायचे ते आधी ठरवा

प्रत्येक कार्यकर्त्याला आपले काम अत्यावश्यकच वाटते, त्यामुळे ‘महत्त्वाची कामे कोणती?’ असे विचारले तर यादीत वीस कामे येतात. प्रश्न उलटा विचारावा : महिनाभर बंद राहिले तरी कोणाचा जीव जाणार नाही असे काय आहे? बचतगटांचे प्रशिक्षण, शाळांतले कार्यक्रम, देणगीदारांचे त्रैमासिक अहवाल ही कामे थांबू शकतात. अहवालाला मुदतवाढ मागणारे पत्र आत्ताच लिहून ठेवा, तारखेची जागा तेवढी मोकळी सोडा. पुराच्या आठवड्यात असे पत्र लिहायला कोणाचे डोके ठिकाणावर नसते.

उरलेल्या कामांपुढे तासांत मुदत लिहा. आमच्या यादीत पाचच कामे राहिली आहेत : आपल्या माणसांची खबरबात, पिण्याचे पाणी, नियमित औषधांवर असलेले रुग्ण, शिधा आणि पैशांची व्यवस्था. पाण्याचा हिशोब करताना स्फिअर मानकातला, म्हणजे मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय किमान मानकांतला, माणशी रोज १५ लिटर हा आकडा धरा. त्यात पिण्याबरोबर स्वयंपाक आणि स्वच्छताही येते. पुरानंतर गावभर पाणीच पाणी असते आणि विहिरी मात्र गढूळ झालेल्या असतात, हे ज्याने पाहिले नाही तो नेहमी शिधा आधी पाठवतो.

सही आणि पैसा

इथे मी सावकाश जाणार आहे, कारण आमचा आराखडा बुडाला तो याच जागी, आणि चिखलातल्या त्या कागदांचा त्यात काही दोष नव्हता.

आमच्या बँकेतल्या खात्यावर ‘अध्यक्ष आणि खजिनदार, दोघांची संयुक्त सही’ अशी व्यवस्था होती. अनेक संस्थांत अशीच असते आणि ती सुरक्षित वाटते. त्या दिवशी अध्यक्ष पुण्यात होते. खजिनदार स्वतःच्या घराच्या माळ्यावर कुटुंबासह बसलेले होते, त्यांचा फोन दुपारीच बंद पडला होता आणि नेट बँकिंगचा ओटीपी त्याच फोनवर जात होता. चेकबुक कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये पाण्याखाली होते आणि बँकेची शाखाही तशीच पाण्यात होती. घाटावरचा एक व्यापारी पाण्याचे जार आणि बिस्किटांचे खोके गाडीत भरून द्यायला तयार होता, पण नव्या गिऱ्हाइकाला तो उधार देणार नव्हता, आणि त्यात त्याचे काही चुकत होते असे मला आजही वाटत नाही. पुण्यात अध्यक्षांच्या फोनवर मात्र देणग्या जमा झाल्याचे संदेश येत होते. चार दिवस खात्यात पैसे वाढत गेले आणि आम्हाला त्यातला एक रुपया काढता आला नाही.

यावर उपाय म्हणून दोन सल्ले हमखास दिले जातात आणि दोन्ही वाईट आहेत. एक म्हणजे कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवाव्यात, आणि दुसरा म्हणजे नेट बँकिंगचा पासवर्ड सगळ्यांना देऊन ओटीपी फोनवर सांगावा. कोरे चेक चोरीला जातात किंवा भिजतात, आणि हिशेब तपासनीसापुढे त्यांचे समर्थन करता येत नाही. पासवर्ड वाटला की व्यवहार कोणी केला याचा पत्ता उरत नाही; शिवाय फोन बंद असेल तर ओटीपी सांगणार कोण?

योग्य मार्ग कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. विश्वस्त मंडळाचा ठराव करून सहीचे अधिकार ‘चौघांपैकी कोणतेही दोन’ असे बदलून घ्या. चौघे कोण हे पद पाहून ठरवू नका, पत्ता पाहून ठरवा : एक चिपळूण किंवा खेडसारख्या नदीकाठच्या शहरातला, एक खाडीच्या पलीकडचा, एक घाटावर कराड-कोल्हापूरकडचा आणि एक मुंबई-पुण्याचा. नदीला पूर आला की नदीकाठचा अडकतो, कुंभार्ली किंवा आंबा घाटात दरड आली की घाटावरच्याला खाली येता येत नाही, पण त्याला यायची गरजही नसते. त्याच्याकडे वीज आणि नेटवर्क असते, आणि व्यापारीही त्याच्याच बाजूला असतो. नेट बँकिंगमध्ये व्यवहार तयार करणारा आणि त्याला मंजुरी देणारा असे दोन वेगळे अधिकार मागून घ्या, प्रत्येकाचा स्वतःचा मोबाईल क्रमांक नोंदवा, आणि दोघेही एकाच गावातले नसतील हे पाहा.

हे जानेवारीतच सुरू करायला का सांगते? तुम्ही निवडलेला चौथा माणूस अजून विश्वस्त नसेल आणि त्याला मंडळावर घ्यावे लागले, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि बँक अनेकदा मंजुरीची प्रत मागते. मे महिन्यात धावाधाव करणाऱ्या संस्थेला पावसाळा जुन्याच सह्यांवर काढावा लागतो.

त्याच ठरावात खर्चाचा अधिकारही लिहा. एरवी तीन दरपत्रके मागवण्याची शिस्त चांगली आहे, पण दुकानेच चिखलात असताना ती पाळता येत नाही. जिल्हा प्रशासनाने आपत्ती जाहीर केल्यापासून पंधरा दिवस, क्षेत्र-समन्वयकाला एका वेळी अमुक रकमेपर्यंत दरपत्रकाशिवाय खरेदी करता येईल आणि नंतरच्या पहिल्या बैठकीत त्याला मान्यता घेतली जाईल, एवढे वाक्य पुरते. रक्कम तुमच्या आकारमानाप्रमाणे ठरवा. ती शून्य ठेवणारी संस्था मला अप्रामाणिक वाटते, कारण खर्च तर होणारच असतो, फक्त तो कार्यकर्त्याच्या खिशातून होतो आणि त्याला परत मिळेल की नाही हे त्याला माहीत नसते.

हाताशी थोडी रोकड हवीच, आणि ती शंभर-दोनशेच्या नोटांत हवी. वीज गेल्यावर यूपीआय बंद पडते आणि पाचशेची मोड कोणाकडे नसते. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही, हे होडीवाल्याला किंवा टेम्पोवाल्याला पैसे देणाऱ्या कार्यकर्त्याला आधी सांगून ठेवा.

परदेशी देणगी घेत असाल तर आणखी एक गाठ आहे. ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्या संस्थेकडे स्वतःची परवानगी असली तरीही. ‘आम्ही अडकलो तर घाटावरच्या मित्रसंस्थेला पैसे देऊ, ती काम करील’ असे पुष्कळ आराखड्यांत लिहिलेले असते. परदेशी पैशाने हे होणार नाही. मित्रसंस्थेशी करार जरूर करा, पण त्यामागे देशातल्या देणग्यांचा वेगळा निधी ठेवा.

माणसे

आपले कार्यकर्ते पूरग्रस्तही असतात हे कागदावर लिहा. ज्याच्या घरात पाणी शिरले आहे त्याला पहिले तीन दिवस कामावर बोलवायचे नाही आणि त्याचा पगारही कापायचा नाही. त्यामुळे प्रत्येक अत्यावश्यक कामाला एक नव्हे तर तीन नावे लागतात, आणि त्या तिघांची घरे नदीच्या एकाच काठाला नसावीत. २०२१ मध्ये आमच्या पाणीवाटपाच्या तिन्ही माणसांची घरे एकाच आळीत होती.

चिखलात उतरणाऱ्यांना गमबूट द्या, आणि लेप्टोच्या, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या, प्रतिबंधक गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवा.

बाकीच्या गोष्टी

माल दोन ठिकाणी ठेवा, एक ठिकाण पुलाच्या अलीकडे आणि एक पलीकडे, आणि दोन्ही ठिकाणी जमिनीपासून उंचावर. लाभार्थ्यांच्या याद्यांची प्रत इंटरनेटवर पासवर्ड लावून ठेवा आणि एक छापील प्रत घाटावरच्या माणसाकडे द्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा.

फोन बंद पडल्यावर कोणी कुठे भेटायचे हे मात्र ठरवाच : आमच्याकडे सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच या दोन वेळा आणि उंचावरचे एक देऊळ ठरलेले आहे. गाडी कधी काढायची हे नुसत्या पावसावरून ठरवू नका, कारण उधाणाच्या भरतीला नदीचे पाणी खाडीतून बाहेर पडत नाही आणि शहरात तुंबते. खाडीकाठची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या. हिशोब ढोबळ आहे, पण त्याला नेटवर्क लागत नाही.

हे सगळे दोन पानांत बसवा, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येकाच्या घरी भिंतीवर लावा.

रंगीत तालीम

मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस, आधी न सांगता, कार्यालयाला कुलूप लावा, अध्यक्ष आणि खजिनदार यांचे फोन बंद करायला लावा, आणि उरलेल्यांना सांगा की संध्याकाळपर्यंत घाटावरच्या व्यापाऱ्याला खरोखरचे शंभर रुपये पाठवा आणि दुसऱ्या गोदामातून वीस ताडपत्र्या बाहेर काढा. पहिल्या वर्षी आमचे शंभर रुपये अकरा वाजताच पोहोचले. ताडपत्र्या मात्र निघाल्या नाहीत, कारण त्या गोदामाची एकुलती एक चावी बंद कार्यालयात, खजिनदारांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती.