रुबीत तीन पीसींना एका कामाला कसं जुंपायचं

समजा चप्पल लाईनमधल्या एका दुकानाचा ऑनलाईन कॅटलॉग करायचाय, हजारभर फोटोंची साईज कमी करायचीय आणि ऑफिसात तीन पीसी नुसते बसून आहेत. लगेच क्लाऊडच्या नादाला लागू नका भावांनो, रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेत याची सोय लय आधीपासून आहे.

आधी डीआरबी (डिस्ट्रिब्युटेड रुबी) घ्या. मासातोशी सेकींची लायब्ररी, तिच्यामुळं दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टची मेथड आपलीच असल्यासारखी कॉल होते. रुबी ३.४ पासून डीआरबी आणि तिच्यावर उभी असलेली रिंडा ही लायब्ररी, दोन्ही बंडल्ड जेम (रुबीसोबत येणारी वेगळी पॅकेजं) झाल्यात, बंडलर (जेम सांभाळणारं टूल) वापरत असाल तर त्याच्या यादीत, म्हणजे जेमफाईलमध्ये, त्यांची नावं टाका, नाहीतर रिक्वायरलाच एरर येणार.

नुसत्या डीआरबीवर सगळं रेटायला गेलं की कुठला पीसी कुठल्या पोर्टवर आहे ते लिहून ठेवत बसावं लागतं, म्हणून पुढं रिंडा. एका पीसीवर टपलस्पेस आणि तिचा पत्ता बाकीच्यांना सांगणारा रिंगसर्व्हर चालू करा. टपलस्पेस म्हणजे तालमीच्या कट्ट्यावर ठेवलेलं काम, जो मोकळा असेल त्यानं उचलायचं. मेन स्क्रिप्ट 'राईट' करून जॉब टाकते, वर्कर (प्रत्येक पीसीवर काम करणारी स्क्रिप्ट) 'टेक' करून उचलतो, जॉब नसेल तर वाट बघत थांबतो. जॉबमध्ये फोटो कोंबू नका, शेअर्ड फोल्डरमधला पाथ तेवढा द्या.

वर्कर रिंडातल्या रिंगफिंगरनं रिंगसर्व्हर शोधतो, यूडीपी पोर्ट ७६४७ वर ब्रॉडकास्ट करून, म्हणजे लॅनवर सगळ्यांना हाक मारून. इथंच बरेच जण अडकतात. शोधायच्या आधी वर्करमध्येही डीआरबीची स्टार्ट सर्व्हिस पाहिजे, कारण उत्तर द्यायला सर्व्हर उलटा वर्करला कनेक्ट होतो. त्यामुळं सगळ्या पीसींवर स्वतःचा लॅनचा आयपी आणि ठरलेला पोर्ट देऊनच ती चालू करा आणि तो पोर्ट फायरवॉलमध्ये उघडा. उबुंटूत होस्टनेम बऱ्याचदा १२७.०.१.१ कडं, म्हणजे मशीनच्या स्वतःकडंच, बोट दाखवतं, मग बाकीचे पीसी आपल्याच दारात सर्व्हर शोधत बसतात.

एसीएल (कोणाला आत घ्यायचं त्याची यादी) लावल्याशिवाय हे चालू ठेवू नका, आधी सगळ्यांना डिनाय आणि मग आपले तीन आयपी अलाऊ. डीआरबीत पोर्टपर्यंत पोचलेला माणूस तुमच्या मशीनवर कोड चालवू शकतो, आणि ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड खालच्या चहावाल्यालापण पाठ असतोय.

कायम चालणारी एखादी सर्व्हिस नावानं रजिस्टर करायची असेल तर रिंगीडिंगी ही जेम बघा. जुनी आहे पण कामाची, रिंगसर्व्हर पडून परत उठला की सर्व्हिस आपोआप पुन्हा रजिस्टर करते.

जॉबचं मात्र तसं नाही. टपलस्पेस मेमरीत असते आणि 'टेक' केलेला जॉब तिथून निघून जातो, वर्कर मधेच मेला की जॉबपण गेला. म्हणून झालेल्या फोटोचा रिझल्ट वर्करकडून परत लिहून घ्या, आणि ज्याचा आला नाही तो जॉब मेन स्क्रिप्टनं थोड्या वेळानं पुन्हा टाकायचा.